नाकातून नाणे काढणारे संत : डॉन बॉस्को

३१ जानेवारी ह्या दिवशी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करते. युवकांचे पिता आणि गुरू, सालेशियन संघाचे संस्थापक, थोर शिक्षणतज्ज्ञ अशा अनेक नात्यांनी आपण त्यांना ओळखतो. चर्चमधील त्यांच्या प्रतिमेत काळा झगा, मंद स्मित आणि अंगाला खेटून उभी असलेली दोन-तीन मुले दिसतात. त्यांच्या चरित्रातील एक वस्तू मात्र त्या प्रतिमेत सहसा आढळत नाही. ती वस्तू म्हणजे एक साधे नाणे. हे नाणे ते लोकांच्या देखत गिळून टाकीत आणि क्षणभराने समोरच्या एखाद्याच्या नाकाच्या शेंड्यावरून काढून दाखवीत. बघणारी मुले हसून लोटपोट होत.

आज जगभरातील अनेक ख्रिस्ती जादूगार डॉन बॉस्को ह्यांना आपले आश्रयदाते संत मानतात. हातचलाखी आणि संतपद ह्यांचा मेळ कसा बसतो, असा प्रश्न एखाद्या भाविकाच्या मनात आल्यास त्यात नवल नाही. खुद्द डॉन बॉस्को ह्यांनाही तो प्रश्न पडला होता. एवढेच नव्हे, तर ह्या कलेपायी त्यांना एकदा वरिष्ठ धर्मगुरूंसमोर उभे राहून जाब द्यावा लागला होता. त्या नाण्याचा माग घेत घेत त्यांचे जीवन पाहू या.

सुरुवातीलाच एक खुलासा करावा लागेल. मुंबई-ठाण्याच्या परिसरात डॉन ह्या शब्दाला भलताच अर्थ चिकटला आहे. इटलीत मात्र धर्मगुरूंच्या नावामागे लावले जाणारे ते आदरार्थी संबोधन आहे. आपण फादर म्हणतो तसे इटालियन माणूस डॉन म्हणतो.

बेक्कीची वाडी

इटलीच्या उत्तरेस पिएमाँट नावाचा प्रांत आहे. त्या काळी इटली हे एकसंध राष्ट्र नव्हते. पिएमाँट हा सार्डिनियाच्या राज्याचा भाग होता आणि ट्युरिन ही त्या राज्याची राजधानी होती. ह्या प्रांतातील कास्तेलनुओव्हो गावाजवळच्या बेक्की नावाच्या वाडीवर १६ ऑगस्ट १८१५ रोजी जॉनचा जन्म झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोच मे १८१७ मध्ये न्यूमोनियाने त्याच्या वडिलांचे निधन झाले. आई मार्गारिता ऐन तारुण्यात विधवा झाली. पदरी वृद्ध सासू, पतीच्या पहिल्या पत्नीचा मुलगा अँतोनियो आणि स्वतःची दोन मुले, जुझेप्पे व जॉन. मार्गारिताबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु देवाचे भय, कष्टाची सवय आणि शेजाऱ्याला रिकाम्या हाताने न पाठवण्याची रीत त्यांनी मुलांच्या अंगी बाणवली.

नऊ वर्षांचा असताना जॉनला एक स्वप्न पडले. अंगणात पुष्कळ मुले खेळत होती. त्यांतील काही शिव्याशाप देत होती. जॉन त्यांच्यावर धावून गेला आणि त्याने त्यांना ठोसे लगावायला सुरुवात केली. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्याला थांबवले आणि मारहाणीने नव्हे, तर सौम्यतेने व प्रेमाने ह्या मुलांना आपलेसे कर, असे सांगितले. पुढे एका तेजस्वी मातेने त्याला हिंस्र पशूंचा कळप दाखवला. पाहता पाहता त्या पशूंची कोकरे झाली. सकाळी घरात ह्या स्वप्नाचे निरनिराळे अर्थ लावले गेले. आजीबाईंनी तर स्वप्नांकडे लक्षच देऊ नये, असा निर्वाळा दिला. जॉनला मात्र ते स्वप्न जन्मभर विसरता आले नाही. मुलांना प्रेमाने आपलेसे करायचे खरे, पण वाडीवरच्या दांडगट पोरांना धरून ठेवणार कशाने? गरीब घरच्या त्या मुलाजवळ द्यायला खाऊ नव्हता, खेळणी नव्हती. त्याने उत्तर शोधले ते गावच्या जत्रेत.

जत्रेतील शाळा

त्या काळी पिएमाँटच्या गावोगावी बाजाराच्या व जत्रेच्या दिवशी डोंबारी, कसरतपटू आणि हातचलाखी करणारे फिरस्ते येत. इतर मुले तमाशा पाहून हसत व घरी जात. जॉन मात्र शिकण्यासाठी जाई. खेळ करणाऱ्याच्या हाताची बारीकसारीक हालचाल तो डोळ्यांत तेल घालून पाही. घरी आल्यावर तीच हालचाल जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करी. ह्या अभ्यासात तो किती वेळा आपटला, किती वेळा डोके फुटता फुटता वाचला, ह्याची गणती नाही. अकराव्या वर्षापर्यंत त्याला कोलांटउडी मारणे, हातांवर चालणे आणि ताणलेल्या दोरावर नाचणे येऊ लागले. हातचलाखीचे खेळही तो शिकला. गिळलेले नाणे दुसऱ्याच्या नाकावर प्रकट करायचे, एका चेंडूचे किंवा अंड्याचे अनेक करायचे, पाण्याचा द्राक्षारस करायचा, कापलेला कोंबडा पुन्हा जिवंत होऊन पहिल्यापेक्षा मोठ्याने आरवायचा, असे नाना प्रकार त्याच्या खेळात असत.

ह्या उद्योगाला पैसा लागे. खाऊसाठी मिळालेली चिल्लर तो साठवी. पक्षी पकडण्यात तो पटाईत होता. पक्षी, पिंजरे, रानातील आळिंब्या आणि रंग तयार करण्याच्या वनस्पती विकून तो चार पैसे मिळवी. आईची परवानगी घेतल्याविना मात्र तो काहीही करीत नसे.

बेक्कीच्या कुरणात काही झाडे होती. त्यांतील दोन झाडांना जॉन दोर बांधी. जवळ एक लहानसे मेज, त्यावर सामानाची झोळी, एक खुर्ची आणि जमिनीवर अंथरलेली सतरंजी, एवढाच त्याचा रंगमंच. रविवारी दुपारी मुलेच नव्हे, तर मोठी माणसेही जमत. प्रवेशाला तिकीट नव्हते, पण शुल्क होते. खेळ सुरू होण्यापूर्वी सर्वांनी रोझरी म्हणायची आणि एक भक्तिगीत गायचे. मग जॉन खुर्चीवर उभा राहून सकाळच्या मिस्सात ऐकलेले प्रवचन आठवेल तसे सांगे. काहींना ही प्रार्थना नकोशी वाटे. ते उठून जाऊ लागत. पण जो प्रार्थनेला थांबणार नाही, त्याला खेळ पाहायला मिळणार नाही, असा जॉनचा दंडक होता. शिव्या देणाऱ्यालाही तेथे थारा नसे. मग खेळ सुरू होई आणि सारे थकले की छोटीशी प्रार्थना होऊन जो तो आपल्या घरी जाई.

जत्रेतील खेळ करणारा अखेरीस टोपी फिरवतो आणि लोकांच्या खिशातील नाणी घेऊन पुढच्या गावाला निघून जातो. जॉन लोकांच्या नाकातून नाणी काढी, पण त्यांच्या खिशाला हात लावीत नसे. त्याला हवी होती ती माणसे. उरलेल्या आयुष्यातील कार्याचा आराखडा त्या कुरणातच तयार झाला, असे म्हणता येईल.

नाणे लपते कसे आणि मुले हसतात का

हातचलाखीत कोणतीही गूढ शक्ती नसते, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. ख्रिस्तसभा जादूटोण्याचा, म्हणजे अदृश्य शक्ती वश करून घेण्याच्या प्रयत्नाचा, ठामपणे निषेध करते. हातचलाखी ही त्याहून सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. ती बोटांची कसरत आणि मानवी लक्ष कोठे वळते ह्याचे ज्ञान, ह्या दोहोंवर उभी असते.

जगभरचे जादूगार नाणे लपवण्याची एक पायाभूत रीत पहिल्यांदा शिकतात. तळहाताच्या मध्यभागी नाणे ठेवून अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग व करंगळीच्या बाजूचा मांसल भाग ह्यांच्यामध्ये ते अलगद धरायचे. हात उलटा केला तरी नाणे पडत नाही आणि पाठीमागून हात रिकामा दिसतो. ऐकायला हे सोपे आहे. कठीण भाग पुढे आहे. नाणे धरलेला हात ताठ झाला किंवा अंगठा आखडला की मुलांच्या तत्काळ लक्षात येते. हात अगदी सहज लोंबकळत राहिला पाहिजे, त्याच हाताने केस सावरता आले पाहिजेत, खडू उचलता आला पाहिजे. त्यासाठी आरशासमोर अनेक दिवस सराव करावा लागतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. नाणे उजव्या हातातून डाव्या हातात दिल्याचा बहाणा केला, तर खेळ करणाऱ्याने स्वतः डाव्या हाताकडेच पाहावे. तो जेथे पाहतो तेथे मुले पाहतात. मग डावी मूठ हळूहळू उघडायची. नाणे नाही! येथे खेळ करणाऱ्याने शहाणपणाचा आव न आणता स्वतःच गोंधळून जावे. खिसे चाचपावेत, बाहीत डोकवावे. मुले ओरडून सूचना देऊ लागतात. अखेर समोरच्या मुलाच्या नाकाजवळ हात नेताच नाणे बोटांच्या टोकावर येते आणि टिनच्या डब्यात टाकले की खणखणते. एकामागून एक अशी अनेक नाणी काढून भांड्यात टाकण्याचा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन जादूगार टी. नेल्सन डाउन्स ह्यांनी रंगभूमीवर गाजवला. मुलांपुढे करण्याजोगा ह्याहून सोपा व आनंददायक खेळ क्वचितच सापडेल.

ह्या खेळातील हशा कोणाच्या वाट्याला येतो, हे फार महत्त्वाचे आहे. फजिती होते ती मोठ्या माणसाची. पुढे आलेले मूल आपल्या नाकात धन दडले होते ह्या कल्पनेने फुलून जाते आणि टाळ्या घेऊन जागेवर बसते. मुलाला बोलावून त्याचीच थट्टा केली, तर मुले त्या वेळी हसतील, पण पुढच्या खेपेला कोणी पुढे येणार नाही. मारहाणीने नव्हे, तर सौम्यतेने मुलांना जिंकायचे, हा स्वप्नातील उपदेश विनोदालाही लागू पडतो.

चिएरीतील आनंद मंडळ

जॉनला धर्मगुरू व्हायचे होते. सावत्र भाऊ अँतोनियो ह्याला शेतावर राबणारे दोन हात हवे होते, पुस्तके नको होती. घरातील कटकट टाळण्यासाठी आईने जॉनला १८२८ मध्ये मोलिया कुटुंबाच्या शेतावर चाकरीला धाडले. पुढे फादर कालोस्सो ह्या वयोवृद्ध धर्मगुरूंनी त्याला लॅटिन शिकवायला घेतले, पण नोव्हेंबर १८३० मध्ये त्यांचेही निधन झाले. शेवटी १८३१ मध्ये जॉन चिएरी ह्या नगरातील शाळेत दाखल झाला. राहण्याखाण्याचा खर्च भागवण्यासाठी त्याने मिळेल ते काम केले. एका कॉफीगृहातही तो राबला.

येथे त्याने सोबत्यांचे एक मंडळ स्थापन केले आणि त्याला आनंद मंडळ असे नाव दिले. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे बोलणे व वागणे टाळायचे, आपापली शालेय व धार्मिक कर्तव्ये चोख पार पाडायची आणि आनंदी राहायचे, हेच मंडळाचे नियम.

ह्याच काळात एक कसरतपटू चिएरीत आला. रविवारी नेमक्या उपासनेच्या वेळी तो आपले खेळ मांडी आणि मंडळाची मुलेही तिकडे वळू लागली. जॉनने त्याला आव्हान दिले. पहिली पैज धावण्याची, २० लिरांची. जॉनने सदरा काढला, क्रुसाची खूण केली आणि तो जिंकला. दुसरी पैज पाण्याच्या चरावरून उडी मारण्याची, ४० लिरांची. चराच्या पलीकडे कठडा असल्यामुळे त्यापुढे जाणे अशक्य वाटत होते. जॉनने कठड्यावर हात टेकून पलीकडे झेप घेतली. तिसरी पैज छडीची, ८० लिरांची. छडीच्या टोकावर टोपी ठेवून जॉनने ती एका बोटावरून दुसऱ्या बोटावर, तेथून कोपरावर, खांद्यावर, हनुवटीवर, नाकावर आणि कपाळावर तोलून पुन्हा तळहातावर आणली. कसरतपटूची छडी त्याच्या लांबलचक नाकापाशी अडखळली. अखेरची पैज १०० लिरांची, उंच झाडावर चढण्याची. कसरतपटू फांदी मोडेल इतक्या उंचीपर्यंत गेला. जॉन तेथवर पोहोचला, त्याने हातांनी झाड धरले आणि पाय आकाशाकडे केले.

बिचाऱ्या कसरतपटूने २४० लिरा गमावल्या होत्या. त्याची सारी पुंजी गेली होती. मुलांनी त्याचे पैसे परत केले. अट एकच, त्याने मंडळाला जेवण द्यावे. २२ जण जेवले, २५ लिरा खर्च आला आणि उरलेले २१५ लिरा त्याच्याकडे राहिले. उपासनेच्या वेळी खेळ न करण्याचे त्याने कबूल केले. प्रतिस्पर्ध्याला हरवावे, पण धुळीला मिळवू नये, हा धडा त्या दिवशी मुलांना मिळाला.

कॅननसाहेबांचे घड्याळ

चिएरीत जॉन काही काळ कुमिनो नावाच्या शिंप्याकडे राहत होता. कुमिनो हा भोळा, भाविक गृहस्थ. त्याच्या घरी चमत्कारिक प्रकार घडू लागले. पाहुण्यांसाठी शिजवलेल्या कोंबडीचे भांडे उघडावे, तर त्यातून जिवंत कोंबडा फडफडत बाहेर पडे. द्राक्षारस ओतावा, तर पाणी निघे. थैलीतील पैसे काढावेत, तर पत्र्याचे गंजलेले तुकडे हाती येत. सुरुवातीला कुमिनो हसला, पण पुढे त्याला भीती वाटू लागली. हे माणसाचे काम नाही आणि देव असल्या गोष्टी करीत नाही, तेव्हा हे सैतानाचेच असले पाहिजे, असा निष्कर्ष काढून त्याने एका धर्मगुरूंच्या कानावर ही गोष्ट घातली. त्यांनी ती कॅथेड्रलचे मुख्य धर्मगुरू कॅनन बुर्झियो ह्यांच्याकडे नेली.

प्रसंग बाका होता. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या गरीब विद्यार्थ्यावर जादूटोण्याचा आरोप सिद्ध झाला असता, तर सेमिनरीचे दार त्याला कायमचे बंद झाले असते. कॅनन बुर्झियो ह्यांनी त्याला बोलावून धर्मशिक्षणाचे प्रश्न विचारले आणि मग ही विद्या तो कोणाकडून शिकला, असा रोखठोक सवाल केला. जॉनने शांतपणे विचार करायला पाच मिनिटे मागितली आणि किती वाजले, हे कृपया सांगावे, अशी विनंती केली. कॅननसाहेबांनी खिशात हात घातला, घड्याळ नव्हते. जॉनने पाच सोल्दींचे एक नाणे मागितले. कॅननसाहेबांनी थैली शोधली, तीही नव्हती. आता मात्र त्यांचा संताप अनावर झाला.

तेव्हा जॉनने सारे उलगडून सांगितले. तो आला त्या वेळी कॅननसाहेब एका गरिबाला भिक्षा देत होते आणि त्यांनी थैली प्रार्थनेच्या मेजावर ठेवली होती. शेजारच्या खोलीत जाताना घड्याळही ते एका मेजावर विसरले होते. दोन्ही वस्तू जॉनने दिव्याच्या झाकणाखाली लपवल्या होत्या. झाकण उचलले, वस्तू तेथेच होत्या. कॅननसाहेबांना हसू आवरेना. त्यांनी आणखी काही खेळ करवून घेतले, त्यांतील युक्त्या समजून घेतल्या आणि अज्ञानातूनच आश्चर्य जन्मते, ह्या आशयाचे उद्गार काढून एक छोटीशी भेट देऊन त्याला निर्दोष म्हणून जाऊ दिले.

ह्या प्रसंगात जॉनने आपले गुपित राखण्याचा हट्ट धरला नाही. सत्य सांगण्याची वेळ येताच त्याने झाकण उचलून दाखवले. दैवी शक्तीचा आव आणून लोकांना भुलवणारा भोंदू आणि खेळ हा खेळच आहे हे कबूल करणारा कलावंत, ह्यांच्यातील सीमारेषा हीच होय.

झग्यासाठी केलेला त्याग

२५ ऑक्टोबर १८३५ रोजी जॉनने धर्मगुरुपदाच्या उमेदवाराचा झगा परिधान केला आणि काही दिवसांतच तो चिएरीच्या सेमिनरीत दाखल झाला. त्या वेळी त्याने स्वतःसाठी काही नियम लिहून काढले. जत्रेतील खेळ-तमाशांना जायचे नाही. हातचलाखी, कसरती, दोरावरचे खेळ, व्हायोलिन वाजवणे आणि शिकार ह्या गोष्टी सोडून द्यायच्या, कारण त्या धर्मगुरूच्या प्रतिष्ठेला शोभत नाहीत, असे त्याला वाटले. ज्या कलेसाठी त्याने हाडे मोडून घेण्याची तयारी ठेवली होती, तिलाच त्याने रामराम ठोकला.

व्हायोलिनच्या बाबतीत मात्र एकदा मोडता आला. नातलगांच्या घरी सणानिमित्त जमलेल्यांच्या आग्रहाखातर त्याने व्हायोलिन वाजवले. बाहेर पाहतो तो त्या सुरांवर लोकांचा नाच सुरू झालेला. घरी परतताच त्याने ते वाद्य मोडून टाकले. तरुण वयातील ही कठोरता आज आपल्याला कदाचित जास्त वाटेल. परंतु प्रिय असलेली वस्तू देवासाठी पूर्णपणे सोडून देण्याची तयारी त्यातून दिसते, आणि पुढे तीच वस्तू देवाने निराळ्या रूपात परत केली.

मुलांसाठी पुन्हा उचललेले नाणे

५ जून १८४१ रोजी ट्युरिन येथे आर्चबिशप फ्रान्सोनी ह्यांच्या हस्ते जॉन बॉस्को ह्यांना गुरुदीक्षा मिळाली. ट्युरिन तेव्हा झपाट्याने वाढत होते. खेड्यापाड्यांतून आलेली मुले गवंड्यांच्या हाताखाली, धुराड्यांत आणि कारखान्यांत राबत होती. फादर जोसेफ काफास्सो ह्यांच्यासोबत डॉन बॉस्को तुरुंगात जाऊ लागले. तेथे कोवळ्या वयाची मुले गजांआड पाहून त्यांचे काळीज हलले. ही मुले वाईट म्हणून जन्माला आली नव्हती. बाहेर असताना त्यांना कोणी आपले म्हटले नव्हते.

८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक मरियामातेच्या सणादिवशी, संत फ्रान्सिस असिसीकर चर्चच्या साक्रिस्तीत बार्थोलोम्यू गारेल्ली नावाचा १६ वर्षांचा अनाथ मुलगा थंडीपासून आसरा शोधत शिरला. त्याला मिस्साची सेवा करता येत नव्हती, म्हणून साक्रिस्तान त्याला काठीने मारून हाकलू लागला. डॉन बॉस्को ह्यांनी त्याला परत बोलावून घेतले. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, प्रार्थना येत नव्हत्या. मग डॉन बॉस्को ह्यांनी त्याला शीळ घालता येते का, असे विचारले. मुलगा हसला. त्या हसण्यावर सारे कार्य उभे राहिले. नमो मरियाच्या प्रार्थनेने त्यांनी त्याला पहिला पाठ दिला. पुढच्या रविवारी तो मित्रांना घेऊन आला आणि पाहता पाहता ही संख्या शेकड्यांवर गेली.

एवढ्या गलबलाट करणाऱ्या पोरांना जागा कोण देणार? डॉन बॉस्को ह्यांची ओरेटरी एका जागेवरून दुसरीकडे हाकलली जाऊ लागली. धर्मगुरूने रस्त्यावरच्या मुलांशी धावाधाव करावी, हे काही सहधर्मगुरूंना पटेना. त्यांना वेड लागले असावे, असे समजून दोन धर्मगुरू त्यांना मनोरुग्णालयात नेण्यासाठी बंद घोडागाडी घेऊन आले. डॉन बॉस्को ह्यांनी मान म्हणून त्यांना आधी गाडीत बसवले, दार बाहेरून लोटले आणि गाडीवानाला थेट रुग्णालयाकडे जाण्यास सांगितले. जत्रेत शिकलेली समयसूचकता अशी कामी आली.

१२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, वाल्दोक्को भागातील पिनार्दी ह्यांच्या शेडमध्ये ओरेटरीला कायमचे घर मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आई मार्गारिता मुलाच्या मदतीला आल्या. त्यांनी आपल्या लग्नातील वस्त्रे व दागिनाही ह्या कार्यासाठी दिला. वाल्दोक्कोच्या त्या मैदानात डॉन बॉस्को मुलांबरोबर धावले, खेळले आणि एकेकाळी सोडून दिलेली हातचलाखी त्यांनी मुलांच्या करमणुकीसाठी पुन्हा हाती घेतली. प्रतिष्ठेसाठी जे सोडले होते, ते प्रेमासाठी परत घेतले. दोन्ही वेळा हेतू शुद्ध होता. आपल्या धर्मगुरूला हसवता येते, हे ज्या मुलाने पाहिले, तो मुलगा पापनिवेदनासाठी त्यांच्याकडे जायला घाबरत नसे.

पुढे ह्याच अनुभवातून त्यांनी शिक्षणाची प्रतिबंधक पद्धत मांडली. विवेक, धर्म आणि वात्सल्य हे तिचे तीन आधारस्तंभ. शिक्षेचा धाक दाखवण्यापेक्षा मुलांच्या सोबत राहून चूक घडण्यापूर्वीच त्यांना सावरावे, आणि मुलांवर आपले प्रेम आहे एवढे पुरेसे नाही, तर ते प्रेम मुलांना जाणवले पाहिजे, हा तिचा गाभा. १८७७ मध्ये त्यांनी ह्या पद्धतीवर छोटा निबंध लिहिला. पोप पायस नववे ह्यांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या आठवणींत त्यांनी आपल्या बालपणीच्या खेळांचेही मनमोकळे वर्णन करून ठेवले आहे.

रिकामा हात

लोकांच्या नाकातून नाणी काढणाऱ्या ह्या माणसाला खरी नाणी मात्र जन्मभर पुरली नाहीत. मुलांच्या भाकरीसाठी, वसतिगृहासाठी, चर्चच्या बांधकामासाठी त्यांनी सोडती काढल्या, श्रीमंतांचे उंबरे झिजवले, कर्जे केली. त्यांच्या हाताची सर्वांत अर्थपूर्ण कृती घडली तीही हात रिकामा असतानाच.

एके दिवशी ते मुलांना पदके वाटत होते. मायकल रुआ नावाचा लहानगा सर्वांत शेवटी आला, तेव्हा पदके संपली होती. डॉन बॉस्को ह्यांनी डावा हात पुढे केला आणि उजव्या हाताने तो मधोमध कापून अर्धा त्याला देत असल्याची खूण केली. मुलाला काही कळेना. कित्येक वर्षांनी त्याने अर्थ विचारला, तेव्हा आपण दोघे सारे काही निम्मे निम्मे वाटून घेणार आहोत, असे त्यांनी त्याला सांगितले. हाच रुआ पुढे त्यांचा उजवा हात बनला. १८ डिसेंबर १८५९ रोजी सालेशियन संघाची स्थापना झाली, त्या वेळी तो सोबत होता. १८७२ मध्ये संत मारिया माझ्झारेल्लो ह्यांच्यासह धर्मभगिनींचा संघ उभा राहिला आणि १८७५ मध्ये पहिले मिशनरी अर्जेंटिनाला रवाना झाले.

जानेवारी १८८८ अखेर डॉन बॉस्को मृत्युशय्येवर होते. उजवा हात निकामी झाला होता. जमलेल्या सालेशियन बांधवांना अखेरचा आशीर्वाद हवा होता. तेव्हा फादर रुआ ह्यांनी त्यांचा हात आपल्या हातात घेऊन उचलला आणि क्रुसाची खूण पूर्ण केली. निम्मे निम्मे वाटून घेण्याचे वचन असे फळास आले. ३१ जानेवारीच्या पहाटे डॉन बॉस्को परमेश्वराच्या घरी गेले. १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, पोप पायस अकरावे ह्यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

सालेशियन मिशनरी १९०६ मध्ये तमिळनाडूतील तंजावर येथे आले आणि पुढे मुंबई व गोव्यातही त्यांचे कार्य रुजले. माटुंग्याचे डॉन बॉस्को विद्यालय व तेथील मरियामातेचे मंदिर मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. संताच्या उजव्या हाताचे अवशेष ठेवलेली पेटी जगयात्रेवर निघाली, तेव्हा २०११ मध्ये ती भारतातही आली. भाविकांनी त्या पेटीपुढे हात जोडले. तो हात आशीर्वादाचा होता, पापक्षमेचा होता आणि मुलांना हसवणाऱ्या नाण्याचाही होता.

धर्मशिक्षकांसाठी दोन शब्द

आपल्या धर्मग्रामांत रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेणारे अनेक बंधू-भगिनी मुलांचे लक्ष टिकत नाही, अशी तक्रार करतात. त्यांनी एक नाणे घेऊन आरशासमोर उभे राहावे, असे सुचवावेसे वाटते. दहा रुपयांचे नाणे हाताला बरे बसते. महिनाभर रोज पंधरा मिनिटे सराव केला, तर एक छोटा खेळ निश्चित जमेल. लहान मुलांपुढे नाणे गिळण्याचा अभिनय मात्र टाळावा, कारण ती अनुकरण करतात आणि खरे नाणे घशात अडकू शकते. कानामागून किंवा नाकाजवळून काढलेले नाणे पुरेसे आहे. खेळ संपल्यावर ही बोटांची करामत आहे, दैवी शक्ती नव्हे, हेही मुलांना सांगावे. मोठेपणी एखाद्या भोंदूच्या नादी लागण्यापासून हे ज्ञान त्यांना वाचवील.

आणि खेळ फसला, नाणे हातातून निसटून जमिनीवर घरंगळले, तर घाबरू नये. मुले त्यालाही मनापासून हसतील. डॉन बॉस्को ह्यांना मुलांनी प्रथम हसावे, मग थांबावे आणि मग ऐकावे एवढेच हवे होते. मुले थांबली की पुढचे काम पवित्र आत्मा करतो.

संत जॉन बॉस्को, आमच्या मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या सर्वांसाठी विनंती कर.